साथीच्या काळात मनाचे डॉक्टर

कोविडच्या साथीत फिजिशियन, भूलतज्ज्ञ, परिचारिका, आशाताई आणि सफाई कामगार यांनी काय केले, ते आपण सर्वांनी पाहिले. ‘पण त्या दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना काय काम होते? तुमचे दवाखाने तर बंदच असतील!’ असे एका वाचकाने पत्रातून विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. मनाच्या डॉक्टरचे काम एरवीही लोकांच्या नजरेआड चालते. साथीत तर ते फोनवर, अंगणात आणि कोविड वॉर्डाच्या काचेपलीकडून चालले. म्हणून आजच्या लेखात माझ्यासारखे वयस्क मानसोपचारतज्ज्ञ त्या काळात कसे काम करीत होते, ते सांगणार आहे. त्यातून घरोघरी उपयोगी पडावे असे बरेच काही शिकण्यासारखे आहे. (लेखात रुग्णांचे अनुभव आले आहेत. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून त्यांतील तपशील बदलले आहेत.)

वय पाहावे की काम?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतर आठवड्याभरात, १९ मार्चला, ६५ वर्षांवरील नागरिकांनी घरीच राहावे अशी सूचना केंद्र सरकारने दिली. मात्र त्या सूचनेतून लोकप्रतिनिधी, सरकारी नोकर आणि वैद्यकीय व्यावसायिक वगळलेले होते. पुढे मे महिन्यात मुंबईतील खासगी डॉक्टरांना पंधरा दिवसांची कोविड सेवा सक्तीची केली, तेव्हा ५५ वर्षांवरील डॉक्टरांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे एका कागदाप्रमाणे आम्ही कामाला मोकळे होतो आणि दुसऱ्या कागदाप्रमाणे जपून ठेवण्याजोगे होतो!

त्या वेळी माझे वय अडुसष्ट होते. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी सुरू. वय आणि मधुमेह या दोन्ही गोष्टी कोविडमध्ये धोका वाढवतात, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. मुलगा पुण्याहून रोज फोन करून सांगे, ‘बाबा, आता पुरे, दवाखाना बंद करा.’ त्याचे म्हणणे चूक नव्हते.

दुसरी बाजूही होती. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये तेव्हा चार होती : ठाणे, पुण्याजवळचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हते. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले होते की, देशातील मनोविकारांच्या बहुसंख्य रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. निरनिराळ्या आजारांत हे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. आमच्या बीड जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोठ्या शहरात एका वृद्ध डॉक्टरने दार लावले तर रुग्ण दुसऱ्याकडे जातो. आमच्याकडे तो कोठेच जात नाही. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्यावर तर जाणे शक्यच नव्हते.

शेवटी राज्यातील माझ्या वयाच्या अनेक सहकाऱ्यांप्रमाणे मीही मधला मार्ग काढला. जे फोनवर होईल ते फोनवर करायचे. जे फोनवर होणारच नाही, त्यासाठी दवाखाना सकाळी दोन तास उघडा ठेवायचा. तोही खोलीत नाही, तर बाहेर लिंबाच्या झाडाखाली. सहा फुटांच्या अंतराने दोन खुर्च्या, मध्ये टेबल, दोघांच्याही तोंडावर मास्क. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानावर आपले बोलणे पडू नये म्हणून रुग्णाला कुंपणाकडे पाठ करून बसवीत असू.

आधीच्या दोन आपत्ती

आमच्या पिढीतील डॉक्टरांना एक फायदा होता. लोकांची घबराट आम्ही पूर्वी पाहिलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील तंबूंतून मी महिनाभर हिंडलो. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आपल्याच जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि पाठोपाठ सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची. लोक तोंडाला फडके बांधून हिंडू लागले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. सुरत सोडून लाखो माणसे निघाली.

त्या दोन अनुभवांतून आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. आपत्तीत भीती सर्वांनाच वाटते, आणि तो आजार नव्हे. बहुतेकांची भीती माहिती, सोबत आणि वेळ मिळाल्यावर कमी होते. खरी काळजी असते ती आधीपासून आजारी असलेल्यांची. गडबडीत त्यांची गोळी सुटते, आणि घरच्यांचे लक्ष दुसरीकडे असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझ्या मदतनीस बाईंनी नवीन रुग्णांची वाट पाहिली नाही. जुनी नोंदवही काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

औषधात खंड का पडू द्यायचा नाही?

छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, आणि उन्माद व उदासीनता आलटून पालटून येणारा आजार, या दोन्हींत औषध बंद केले तर दुसऱ्याच दिवशी काही होत नाही. रुग्णाला उलट हलके वाटते, झोपाळूपणा जातो. घरचेही म्हणतात, ‘बघा, गोळीवाचून बरा आहे की!’ पुष्कळांचा आजार काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी उलटतो. तोपर्यंत गोळी कधी सुटली होती हेही आठवत नाही. मार्चमध्ये सुटलेली गोळी जूनमध्ये आपला हिशेब मागते.

आमच्या भागातील ऊसतोड मजुरांची अडचण आणखी वेगळी होती. दिवाळीच्या सुमारास कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात. जाताना रुग्ण चार-पाच महिन्यांचे औषध बांधून नेतात. मार्चअखेर ते संपत आले आणि त्याच वेळी सारे कारखान्यांच्या तळांवर अडकले. सरकारने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली ती एप्रिलच्या मध्यावर. दरम्यान औषध पोचवायचे कसे? तळावर चांगला मोबाइल बहुधा मुकादमाकडे. चिठ्ठीचा फोटो त्याच्या फोनवर पाठवावा, तर ‘ह्याच्या बायकोला डोक्याचे औषध आहे’ हे त्याला कळणार आणि पुढच्या हंगामात त्या जोडप्याला उचल मिळणे अवघड होणार. म्हणून आम्ही जवळच्या गावातील औषध दुकानदाराचा नंबर शोधून चिठ्ठी थेट त्याच्याकडे पाठवीत असू. मजुराला एवढाच निरोप दिला जाई, ‘अमुक दुकानात आपले नाव सांगा, पुडी तयार आहे.’ रुग्णाची गोष्ट चार लोकांत जाऊ न देणे हे मानसोपचारात औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

फोनवरचा दवाखाना

टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. योगायोगाने त्याच दिवशी फोन आणि व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्रीय आरोग्य खात्याने जाहीर केले. तोपर्यंत अशी चिठ्ठी द्यावी की नाही, याबाबत डॉक्टरांमध्ये संभ्रम होता. नियमांमुळे वाट मोकळी झाली. पण सर्वच औषधे फोनवरून देता येत नव्हती. अमली पदार्थ व मनःप्रभावी द्रव्ये यांच्या कायद्याखाली येणारी औषधे त्यातून वगळली होती, आणि झोपेच्या व चिंतेवरच्या बऱ्याच गोळ्या त्या यादीत मोडतात. ज्यांना अशा गोळ्यांची गरज होती, त्यांना लिंबाखाली यावेच लागे.

व्हिडिओचे तंत्र मला मदतनीस बाईंच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने शिकवले. चिठ्ठीवर सही करून तिचा स्वच्छ फोटो कसा काढावा, एकाच वेळी तिघांशी कसे बोलावे, हे तिने दोन दिवसांत पढवले. पण अर्ध्याहून अधिक रुग्णांकडे साधा फोनच होता. त्यामुळे फक्त आवाजावरून रुग्ण तपासायचा, ही नवी विद्या या वयात शिकावी लागली.

मानसोपचारतज्ज्ञाकडे स्टेथोस्कोपचे काम कमी असते. रुग्ण कसा चालत आला, डोळ्याला डोळा देतो का, कपडे नीट आहेत का, उत्तर द्यायला किती वेळ लावतो, यावरून निम्मे निदान होते. फोनवर यातले शेवटचेच तेवढे उरते. येथे जुनी ओळख कामाला आली. ज्या बाईंचा आवाज मी वीस वर्षे ऐकला आहे, त्यांनी ‘बरी आहे साहेब’ म्हटल्यावर त्या खरेच बऱ्या आहेत की नाहीत, ते त्या तीन शब्दांच्या गतीवरून कळे. उदासीनता वाढली की आवाज सपाट होतो आणि शब्दांमधली अंतरे लांबतात. उन्मादात त्याच्या उलट होते, मला मध्ये बोलायलाच मिळत नाही.

दुसरी अडचण आडोशाची. दोन खोल्यांच्या घरात सारे कुटुंब दिवसभर बसलेले. सून सासूसमोर, किंवा नवरा बायकोसमोर, मनातले काय बोलणार? तेव्हा मी प्रश्नच असे विचारी की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यावे लागे. ‘आता बाजूला कोणी आहे का? रात्री तीनच्या आत जाग येते का? जगणे नकोसे वाटते का? घरात कोणी हात उगारते का?’ ऐकणाऱ्यांना वाटे, डॉक्टर जेवणाखाणाचेच विचारीत आहेत. जिचे शेवटच्या दोनपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येई, तिला दुसऱ्या दिवशी ‘रक्त तपासायचे आहे’ असे सांगून दवाखान्यात बोलावून घेत असू.

मंत्रचळाच्या, म्हणजे पुनःपुन्हा हात धुणाऱ्या रुग्णांची गोष्ट तर विलक्षणच. वर्षानुवर्षे ज्यांना मी ‘इतके हात धुऊ नका’ असे सांगत आलो, त्यांना आता सारे जग ‘हात धुवा’ म्हणून सांगत होते. एका गृहस्थांनी फोनवर विचारले, ‘मग डॉक्टर, वेडा कोण होता?’ आम्ही दोघेही हसलो. मग हिशेब ठरवला. बाहेरून आल्यावर, जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने वीस सेकंद. त्यापुढचे धुणे आजाराचे समजायचे. अशी स्पष्ट मर्यादा आखून दिल्यावर माझे यातले बहुतेक रुग्ण साथीत टिकून राहिले.

दारूची दुकाने बंद झाली तेव्हा

२५ मार्चपासून मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत, सुमारे चाळीस दिवस, दारूची दुकाने बंद होती. दारू सुटली हे चांगलेच झाले, असे कोणालाही वाटेल. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर शरीर बंड करते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस आपल्याच घरात वाट चुकतो, अंग तापते. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवसापासून असे फोन येऊ लागले. ‘साहेब, बाहेरचं काही झालं असंल का?’ असे बायका विचारीत. बाहेरचे काही नव्हते. योग्य गोळ्यांचा उतरता डोस, पाणी आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी बहुतेक जण आठवड्याभरात सावरतात. मात्र फिट आलेल्याला व भास होणाऱ्याला रुग्णालयातच ठेवावे लागते. केरळ सरकारने तर मार्चअखेर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. त्याला डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि २ एप्रिल २०२० रोजी तेथील उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. दारूवरचा उपचार दारू नव्हे, हेच डॉक्टरांचे म्हणणे होते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने माणसे दगावली. म्हणून सांगतो, घरात रोज पिणारा कोणी असेल आणि दारू एकाएकी बंद होणार असेल, तर थरकाप सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

कोविड वॉर्डातून येणारे फोन

जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतून दिसले की, ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवण्यास डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड उपयोगी पडते. त्यानंतर ते सर्वत्र वापरात आले आणि अनेकांचे जीव वाचले. पण स्टेरॉइडमुळे काहींची झोप उडते, कोणी अकारण आनंदात बडबडतो, कोणी संशयी होतो. शिवाय ताप, ऑक्सिजनची कमतरता आणि म्हातारपण एकत्र आले की माणूस ज्याला आपण ‘वात झाला’ म्हणतो, त्या अवस्थेत जातो. वेळ-काळ समजत नाही, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतो, आणि सर्वांनी एकसारखे पांढरे पोशाख घातलेले पाहून ‘हे मला मारायला आले’ असे ओरडतो.

रात्री दोन वाजता वॉर्डातील तरुण डॉक्टरचा फोन येई, ‘सर, आजोबांना वेड लागलंय, काय देऊ?’ मी आधी विचारी, ‘ऑक्सिजन किती आहे? साखर किती? लघवी तुंबली आहे का?’ वात हा मनाचा आजार नव्हे. शरीरातील बिघाडाने मेंदूने वाजवलेली ती घंटा आहे. घंटा बंद करण्याआधी आग कोठे आहे ते पाहावे. मग साध्या गोष्टी. आजोबांचा चष्मा आणि कानाचे यंत्र घरून मागवा. समोर घड्याळ लावा. पोशाखावर छातीशी मोठ्या अक्षरांत आपले नाव लिहा. नातवाचा आवाज फोनवर ऐकवा. एवढ्याने भागले नाही तरच अगदी थोड्या मात्रेत औषध.

साथीत असे घडणे नवे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरने बॉस्टन येथे अशा शंभर रुग्णांचा अभ्यास करून तो १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. काही वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा, ज्यांचा आजार कायमचा असे वाटले होते त्यांतीलही बरेच जण बरे झालेले आढळले. ही जुनी माहिती मी वॉर्डातील तरुण डॉक्टरांना आणि घाबरलेल्या नातेवाइकांना मुद्दाम सांगत असे.

जो बोलतच नाही

फोनचे गुण सांगितले, आता मर्यादा सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये एका खेड्यातून फोन आला. धाकटा भाऊ, वय बावीस, चार दिवसांपासून बोलत नाही, जेवत नाही, एकाच जागी बसून आहे. हात वर केला तर वरच राहतो. थोरल्या भावाने फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून फक्त श्वास ऐकू आला.

मानसोपचाराच्या साऱ्या शब्दांचा येथे काही उपयोग नव्हता. अशी ताठरलेली, गोठलेली अवस्था काही मनोविकारांत आणि काही मेंदूच्या आजारांतही येते. पाणी तुटल्याने ती जिवावर बेतू शकते. एरवी गोळ्या-इंजेक्शनांनी भागले नाही तर विजेचे उपचार देतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे ते भूल आणि स्नायू सैल करण्याचे औषध दिल्याखेरीज देता येत नाहीत, आणि तेही योग्यच आहे. त्या महिन्यात आमच्याकडचे सारे भूलतज्ज्ञ कोविड वॉर्डात होते. शिवाय भूल देताना मास्कने श्वास द्यावा लागतो, त्यात संसर्गाचा धोका. त्यामुळे अनेक ठिकाणी हे उपचार थांबलेलेच होते.

म्हणजे इंजेक्शनचा उपाय करून पाहणे आणि समोर उभे राहून पाहणे, एवढेच हाती होते. पत्नीला सांगितले तेव्हा ती काही वेळ गप्प बसली. मग तिनेच दोन मास्क, चेहऱ्यावरची काच आणि थर्मासमध्ये चहा काढून ठेवला. मुलाला रुग्णालयात आणवले. तपासून, आधी रक्त तपासायला पाठवून, सलाइन सुरू करून लोराझेपामचे इंजेक्शन दिले. हे औषध या अवस्थेत कधी कधी विलक्षण लवकर लागू पडते. अर्ध्या तासाने त्याने मान वळवली. तासाभराने भावाकडे पाहून ‘पाणी’ म्हणाला. पुढे त्याला महिनाभर उपचार लागले, पण जीव वाचला.

हे सांगण्याचे कारण असे, की ‘आता सर्व फोनवर होते’ असा समज वाढत आहे. जुना, स्थिर रुग्ण फोनवर सांभाळता येतो. जो बोलत नाही, खात नाही, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत किंवा जो हिंसक झाला आहे, त्याला डॉक्टरसमोर आणावेच लागते. आणि समोर येणाऱ्यासाठी कोणीतरी समोर असावे लागते.

दुसरी लाट आणि अपुरा राहिलेला शोक

१६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली. दुसरा डोस झाल्यावर मी वर्षभराने नातीला जवळ घेतले. पण मार्च ते मे २०२१ च्या लाटेने सारे पुन्हा उलटेपालटे केले. ऑक्सिजन आणि खाटांसाठी लोक रात्री-अपरात्री धावत होते. माझ्या वयाचे काही सहकारी त्या दोन महिन्यांत गेले. ज्यांच्याशी दर रविवारी फोनवर अवघड रुग्णांची चर्चा करीत असे, त्यांतले दोन नंबर आजही माझ्या फोनमध्ये तसेच आहेत.

त्यानंतरच्या वर्षभरात माझ्याकडे सर्वाधिक आले ते शोकाचे रुग्ण. शेवटचे तोंड पाहिले नाही, खांदा दिला नाही, दहावा-तेरावा झाला नाही, दुखवट्याला कोणी आले नाही. आपल्याकडील हे विधी म्हणजे नुसती रूढी नव्हे. माणूस गेला ही गोष्ट मनाला हळूहळू पटवून देणारी आणि चार माणसांत रडायची परवानगी देणारी ती रीत आहे. ती अडली की शोक आत साठतो आणि त्याला अपराधीपण चिकटते. ‘मीच त्यांना दवाखान्यात नेले’ असे मुले म्हणत. अशांना गोळ्या क्वचितच लागल्या. आम्ही सांगत असू, वर्षश्राद्ध करा, झाड लावा, सगळ्यांना बोलवा, गेलेल्याविषयी मोठ्याने बोला. उशिरा केलेला दुखवटाही कामाला येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की, साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि उदासीनता यांचे जगातील प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. हा आकडा दवाखान्यात बसून आम्हाला आधीच जाणवला होता.

डॉक्टरांचे मन

आमचे स्वतःचे काय? फोनमुळे दवाखाना घरात आला आणि जेवणाच्या ताटावरही बसला. फोनवर दिवसाला पंचवीस रुग्ण पाहिले की पूर्वीच्या पन्नासांहून अधिक थकवा येई, कारण चेहरा न दिसल्याने कानावर सारा भार. म्हणून मी तीन नियम केले. दुपारी दोन ते चार फोन मदतनीस बाईंकडे. रात्रीचा फोन फक्त रुग्णालयाचा किंवा जिवाच्या धोक्याचा. आणि रविवारी सहकाऱ्यांशी बोलणे, ज्यात औषधांबरोबर स्वतःची भीतीही सांगायची. दुसऱ्याला ‘मन मोकळे करा’ म्हणणाऱ्याने स्वतःचे मनही कोठेतरी मोकळे केले पाहिजे.

घरोघरी काय शिकावे?

१. मनाच्या आजाराचा रुग्ण घरात असेल तर औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची चिठ्ठी यांचा कागद घरात ठेवा, आणि त्याचा फोटो घरातील दोघांच्या फोनमध्ये. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर कोणताही डॉक्टर औषध देऊ शकत नाही.

२. किमान पंधरा दिवसांचे औषध शिल्लक असतानाच पुढचे आणा. औषधाचा डबा मात्र घरातील जबाबदार माणसाच्या ताब्यात असावा.

३. लिथियम घेणाऱ्याला ताप, उलट्या किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अंगातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. हात जोराने थरथरणे, झोक जाणे, जीभ जड होणे या धोक्याच्या खुणा आहेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.

४. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी झाली तर साथीचाच ताप समजून घरी बसू नका. या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्याच दिवशी रक्त तपासा.

५. आजारी वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका. तो शरीराच्या आजाराचा इशारा असतो.

६. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलत असेल तर त्याला एकटे ठेवू नका. कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा मोफत नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला आहे. त्यावर मराठीतही बोलता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण ती येईल तेव्हा एका जिल्ह्याची भिस्त एखाद्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या तब्येतीवर असू नये. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागात पुरेसे डॉक्टर, समुपदेशक आणि औषधे असावीत, ही मागणी रुग्णांच्या नातेवाइकांनी केली पाहिजे. ती करायला आपण लाजतो, कारण आजार मनाचा आहे. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या औषधासाठी भांडताना आपण लाजत नाही. मग याच औषधासाठी का लाजावे?

माझ्याकडे आता एक तरुण डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. नव्या रुग्णांना ते पाहतात, जुन्यांची ओळख मी करून देतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्या वाचकांना विनंती, की पुढच्या भेटीला येताना औषधांचा कागद बरोबर आणावा आणि त्याची एक प्रत आमच्या नोंदवहीत लावून घ्यावी.